दोनदा जुळलेला परिच्छेद

"राजा भिजला, पूर्णविराम. राजाला भिजायची सवय नव्हती, पूर्णविराम. म्हणून त्याने दवंडी पिटवली की, स्वल्पविराम, यापुढे पूर्वपरवानगीशिवाय कोणत्याही ढगाने राज्यात शिरू नये, पूर्णविराम. अर्ज तीन प्रतींत करावा, पूर्णविराम."

एवढं वाचून मी हळूच मान वर केली. समोर निपाणीकर मास्तर गॅलीच्या लांबलचक कागदावर पेन्सिल टेकवून बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नव्हती. एक तुटका अनुस्वार त्यांनी गोल केला, समासात खूण केली आणि म्हणाले, "पुढे."

मी पुढे वाचू लागले. बोट मी ओळीवर घट्ट दाबून धरलं होतं, कारण तो राजा माझा होता. ढग माझे होते आणि तीन प्रतींतला अर्जही माझाच होता. हे त्या छापखान्यात कुणालाही ठाऊक नव्हतं.

ही गोष्ट त्र्याऐंशी सालच्या आषाढातली. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या एका बोळात मगदूम मुद्रणालय होतं, तिथे मी दोन वर्षं प्रूफवाचनाला होते. तेव्हा शिशाच्या खिळ्यांची छपाई होती, एका अक्षराला एक खिळा. कंपोझिटर एकेक खिळा उचलून ओळ जुळवायचा, त्याचा एक कच्चा छाप काढायचा, ती गॅली. मग दोन माणसं समोरासमोर बसायची. एकाने लेखकाची मूळ प्रत मोठ्याने वाचायची, विरामचिन्हांसकट, आणि दुसऱ्याने गॅलीवर नजर ठेवून चुका टिपायच्या. वाचणारी मी आणि टिपणारे मास्तर. निपाणीकर मास्तर शाळेतून निवृत्त होऊन इथे आले होते आणि बारा वर्षांत त्यांच्या हातून एक चूक सुटलेली नाही अशी त्यांची ख्याती होती. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं होतं, "चौगुलेबाई, एकच गोष्ट लक्षात ठेवा. मजकुरात शिरायचं नाही. शिरलात की चूक दिसत नाही. तार वाचतात तसं वाचायचं."

मी चोवीस वर्षांची होते आणि मला कुणी 'चौगुलेबाई' म्हटलं की पाठ आपोआप ताठ व्हायची. पण रद्दीत जाणाऱ्या गॅल्या मी घरी न्यायची आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर रोज संध्याकाळी लिहीत बसायची. छापखान्यात येण्याआधी दोन वर्षं वहीत आणि मग या गॅल्यांवर, अशी चार वर्षं लिहिलं. राजाने मनाई केल्यामुळे राज्याला वळसा घालून जाणारे ढग, त्यामुळे पडलेला दुष्काळ, आणि ढगांनाच कोरे अर्ज नेऊन द्यायला डोंगरावर पाठवलेला धोंडोजी नावाचा कारकून. कादंबरीचं नाव 'ढगांचा अर्ज'. राक्षस, चेटकिणी आणि उडते पलंग असलेली, पण मोठ्यांसाठी लिहिलेली हसरी कादंबरी. असलं काही कुणी छापत नसे. राक्षस म्हटला की तो मुलांच्या पुस्तकात, आणि मोठ्यांच्या पुस्तकात माणसांनी निदान एकदा तरी रडायला हवं, असा रिवाज होता.

माझी मैत्रीण शशिकला इचलकरंजीच्या कोर्टात टंकलेखक होती. तिने सगळी कादंबरी टाइप केली, मी 'व. ना. शेलार' असं नाव घेतलं आणि शशिकलाच्या घरचा पत्ता देऊन बाड पोस्टाने आमच्याच मालकांकडे, अण्णा मगदुमांकडे पाठवून दिलं. दुसरा प्रकाशक मला माहीतच नव्हता.

अण्णा स्वतः पुस्तकं वाचत नसत आणि ते लपवतही नसत. त्यांची एक पद्धत होती. आषाढात लग्नपत्रिका बंद असत, शाळांची कामं यायला वेळ असे, कंपोझिटर रिकामे बसत. अशा दिवसांत आलेल्या बाडातली पहिली चौसष्ट पानं, म्हणजे चार फॉर्म, ते जुळवून घेत. मास्तर ती तपासत. शेवटच्या गॅलीखाली मास्तर एक ओळ लिहीत: 'छापावे' किंवा 'छापू नये'. पहिलं आलं तर पुस्तक निघे. दुसरं आलं तर खिळे सोडून परत खणांत टाकत आणि बाड साभार परत जाई. दोन वर्षांत मी 'छापू नये' सोळा वेळा बघितलं होतं आणि 'छापावे' तीनदा.

म्हणजे माझ्या चार वर्षांचा निकाल माझ्यासमोर अडीच हातांवर बसलेल्या माणसाच्या पेन्सिलीत होता, आणि तो निकाल ऐकताना तोंड मख्ख ठेवायचं काम माझ्याकडे होतं. मी ते फार मन लावून केलं. आवाज चढू दिला नाही, उतरू दिला नाही, कुठे रेंगाळले नाही. श्राद्धाची निमंत्रणपत्रिका वाचावी तशी मी माझी विनोदी कादंबरी वाचली.

आणि वाचता वाचता मास्तरांचा चेहराही वाचत राहिले. त्या विद्येचा मला गर्व होता. दोन वर्षं रोज सहा तास एका माणसासमोर बसल्यावर त्याच्या मनातलं कळायला काय लागतं? मास्तर चष्मा कपाळावर नेत तेव्हा लेखक बाष्कळ असे. कानाची पाळी ओढत तेव्हा मजकूर चोरलेला असे. माझे आडाखे सहसा चुकत नसत, आणि घरी जेवताना मी ते आईला ऐकवतही असे.

पहिले दोन दिवस मास्तर दगडासारखे बसले. तिसऱ्या दिवशी नववी गॅली आली. धोंडोजी खिंडीत राक्षसाच्या गुहेपाशी पोहोचतो तो भाग. गावाने दर सोमवारी एक माणूस राक्षसाला पाठवायचा असा जुना करार असतो; पण आठ महिने राक्षसाची दाढ दुखतेय आणि तो मऊ भातावर आहे. गावाला हे कळवायचं कसं, म्हणून तो आलेल्या माणसाला 'पोचला, खाल्ला असे समजावे' अशी चिठ्ठी लिहून देतो. चिठ्ठी गावात पोचते, आणि ती माणसं बिचारी घरी जाऊ शकत नाहीत, कारण दप्तरी ती खाल्लेली असतात. डोंगरामागे त्यांनी खाल्लेल्यांची एक वाडीच वसवलेली असते.

मी 'खाल्ला असे समजावे' वाचलं आणि मास्तर एकदम उठले. "पाणी पिऊन येतो," म्हणाले आणि मागच्या अंगणात गेले.

माठ आमच्याच खोलीत, त्यांच्या खुर्चीमागे होता.

पाच-सात मिनिटांनी ते परत आले ते रुमालाने तोंड पुसत, डोळे लाल करून. खुर्चीत बसले, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाले, "हं, वाचा." त्या दिवशी ते आणखी दोनदा उठले. दुसऱ्या दिवशी चार वेळा. प्रत्येक वेळी मी जिथे सगळ्यात जास्त जीव ओतला होता नेमक्या तिथे. मला अर्थ लावायला वेळ लागला नाही. माणसाला इतकं असह्य झालंय की समोरचा माठ सोडून अंगणात मोकळ्या हवेला जावं लागतंय.

त्यात समासातल्या खुणा कमी होत गेल्या. पहिल्या गॅलीवर वीस-बावीस खुणा होत्या, दहाव्या गॅलीवर पाच-सहा, नंतर नंतर काहीच नाही. त्याचाही अर्थ मी लावला. जे रद्दीतच जायचं त्यावर पेन्सिल कशाला झिजवायची?

शनिवारी दुपारी तेविसावी गॅली संपली. शेवटचा पूर्णविराम वाचून मी प्रत मिटली. मास्तरांनी पेन्सिल उचलली, गॅलीखालच्या कोऱ्या जागेवर नेली, आणि माझ्याकडे बघितलं. असं बारकाईने त्यांनी यापूर्वी माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. मीही बघितलं, अगदी मख्ख. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"अण्णांना सांगा, विचार करून बुधवारी सांगतो," ते म्हणाले आणि टोपी घालून निघून गेले.

मास्तरांनी विचारासाठी वेळ घेतलेला मी कधी बघितला नव्हता. ते 'छापू नये' चटकन लिहीत. आता लेखकाला कोणत्या शब्दांत कळवावं याचा विचार करावा लागतोय, इतकं वाईट. मी माझ्या जागी बसून राहिले. रडू आलं नाही, पण रात्रीची भाकरी तशीच झाकून ठेवली.

रविवारी सकाळच्या एसटीने इचलकरंजीला गेले आणि शशिकलाला म्हटलं, टाइपरायटर काढ. 'छापू नये' असा शिक्का बसायच्या आत मला बाड परत हवं होतं. निदान कपाळावर ती ओळ तरी नको. शशिकलाने मशीनवरचं कापड काढलं, पण बोटं ठेवली नाहीत.

"ते काही बोलले का?" तिने विचारलं.

"बोलायला कशाला हवं? दोन वर्षं समोर बसते त्यांच्या."

"मी तर नवऱ्याच्या समोर सहा वर्षं बसतेय. त्याला कारलं आवडतं हे मला परवा कळलं."

मी तिला म्हटलं, माझा जीव जातोय आणि तुला कारली सुचतायत. तेव्हा तिने निमूटपणे टाइप केलं: 'माझे हस्तलिखित काही कारणाने परत हवे आहे. जुळणी झाली असल्यास ती सोडावी. तसदीबद्दल क्षमस्व. व. ना. शेलार.' मी सही ठोकली आणि जाताना पत्र पेटीत टाकलं. पेटीत ते पडल्याचा आवाज ऐकून जरा बरंही वाटलं. तुकडा तर पडला.

मंगळवारी सकाळी मी छापखान्यात पोचते न पोचते तो इस्माईलचाचा दारातच उभे. इस्माईल मुल्ला आमचे सगळ्यात जुने कंपोझिटर. बोटं कायम शाईने काळी, बोलणं मोजकं. त्यांच्या हातात चौदावी गॅली होती. निकाल यायचा होता, पण रिकामं बसण्यापेक्षा गॅल्या तोडून त्यांची पानं पाडायला घेतली होती त्यांनी.

"ताई, एक घोळ झालाय बगा. ह्या चौदाव्यात राक्षसाचं ते बोलणं दोनदा आलंय. अख्खा परिच्छेद."

मी कागद घेतला. खरंच. वरच्या अंगाला एकदा आणि त्याच्याच खाली पुन्हा, शब्द न् शब्द तोच:

'राक्षसाने गालाला मफलर बांधला होता. "आज सोमवार का?" त्याने कण्हत विचारले. धोंडोजी म्हणाला, "नाही, बुधवार." "मग तू जेवण नाहीस?" "मी कारकून आहे." राक्षसाने सुटकेचा निःश्वास टाकला. "बरे झाले. जेवण आले की मला फार ओशाळे होते. परत जा म्हटले तर रडतात. म्हणतात, घरी आमचे तेरावेसुद्धा जेवून झाले."'

"चूक माझीच हाय," चाचा म्हणाले. "ते जुळवलं आन् मला हसू आवरंना. मशिनवर पांडुरंगाला सांगाय गेलतो. परत आलो ते पुन्ना तिथनंच धरलं. तीस वर्सं खिळं जुळवतोय ताई, पर काय जुळवतोय ते कदी वाचलं न्हवतं. पैल्यांदा वाचलं."

माझ्या कादंबरीवर हसलेलं पहिलं माणूस माझ्यासमोर उभं होतं आणि मला धड आनंदही दाखवता येत नव्हता. पण चाचांना वेगळीच काळजी होती. "माझं ऱ्हाऊ दे. मास्तरांच्या हातनं हे सुटलंच कसं? आक्रीतच की."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडायला लागला. प्रत मी वाचत होते. प्रतीत तो परिच्छेद एकदाच होता. म्हणजे मी तो वाचून पुढे गेले, आणि मास्तरांच्या हातातल्या कागदावर मात्र तोच परिच्छेद पुन्हा सुरू झाला. कागदावर नजर असती तर पहिल्याच शब्दाला ते अडले असते. नवशिका सुद्धा अडला असता. म्हणजे मास्तरांची नजर कागदावर नव्हतीच. ते नुसते ऐकत होते.

मी सगळ्या गॅल्या टेबलावर पसरल्या. खुणा कमी झाल्या होत्या, पण चुका कमी झाल्या नव्हत्या. उलटे खिळे, गळलेले काने, एके ठिकाणी अख्खी ओळ नाही. विसाव्या गॅलीवर एका बाजूला पेन्सिलीची एक रेघ सुरू होऊन वाकडीतिकडी खाली घसरत गेली होती, कसलीच खूण न होता. तिथे उडता पलंग ढेकणांमुळे खाली उतरायला नकार देतो तो प्रसंग होता.

"चाचा, मास्तर पाणी प्यायला मागं येत होते..."

"पाणी कुठलं? त्या पेरूच्या झाडाला धरून हसत हुबं ऱ्हायचे की. मला वाटलं तुमास्नी ठाव हाय."

आणि त्याच क्षणी मला ते पत्र आठवलं. रविवारी टाकलेलं पत्र मंगळवारच्या टपालात येणार. मी पदर खोचून अण्णांच्या खोलीकडे धावले. टपाल येऊन गेलं होतं. अण्णांच्या हातात शशिकलाच्या कोर्टाचा जाडजूड कागद होता आणि ते चष्मा नाकावर घेऊन वाचत होते.

"हा शेलार बाड परत मागतोय," ते म्हणाले. "बरंच झालं की. मास्तरांचं काही ठरेना झालंय, उद्यापासून शाळांची कामं घ्यायचीत. इस्माईलला सांग, खिळे सोड म्हणावं."

मी तो कागद त्यांच्या हातून घ्यायला पुढे झाले. मागून आवाज आला तो मास्तरांचा. ते नुकतेच येऊन दारात उभे होते आणि त्यांनी चौदावी गॅली इस्माईलचाचांकडून आधीच घेतलेली दिसत होती.

"अण्णा, खिळे सोडायचे नाहीत."

अण्णांनी त्यांना बसायला सांगितलं. मास्तर बसले नाहीत. हातातली गॅली त्यांनी अण्णांपुढे ठेवली आणि दोनदा आलेल्या परिच्छेदावर बोट टेकवलं. बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याकडून चूक सुटली, आणि एक नाही, असंख्य सुटल्या, असं त्यांनी उभ्या उभ्या सांगून टाकलं. शाळेतल्या मुलाने कबुली द्यावी तसे सरळ उभे राहून.

"मी मजकुरात शिरलो," ते म्हणाले. "गेल्या आठवड्यात मी घरी जाऊन एकटाच हसलोय. शेजारच्या इनामदारांनी येऊन विचारलं, तब्येत बरी आहे ना म्हणून."

अण्णांनी विचारलं, मग शनिवारीच 'छापावे' का नाही लिहिलंत?

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. ते शनिवारचंच बारीक बघणं. आता त्यात थोडा राग होता.

"ह्यांच्यामुळे," ते म्हणाले.

"माझ्यामुळे?"

"मला वाटलं, म्हातारचळ लागला आपल्याला. राक्षसाच्या दाढेवर हसण्याचं माझं वय आहे का? म्हणून तुमची नजर प्रतीवर असली की तुमच्या तोंडाकडे बघत राहिलो, की ही तरुण मुलगी आहे, हिला जरा तरी हसू येतंय का. चौसष्ट पानांत तुमच्या ओठाचा कोपरा हलला नाही, चौगुलेबाई. खतांच्या माहितीपत्रकाला सुद्धा तुम्ही गेल्या महिन्यात हसला होता. म्हटलं, हिला इतकं नीरस वाटतंय म्हणजे माझंच काहीतरी बिघडलंय. हसू आलं की उठून मागे जायचो. तुमच्यासमोर हसायची लाज वाटायची." त्यांनी चष्मा पुसला. "रागावू नका, पण तुम्हाला विनोद कळत नाही."

माझ्याच कादंबरीबद्दल मला विनोद कळत नाही असं तोंडावर सांगणारा तो पहिला आणि शेवटचा माणूस. मग ते अण्णांकडे वळले, पत्र मागून घेतलं, पत्ता वाचला आणि टोपी नीट केली. साडेअकराची इचलकरंजी गाडी मिळेल, म्हणाले. शेलारांना भेटून त्यांचं मन वळवतो. पाया पडायला लागलं तरी चालेल, माणूस माझ्या निम्म्या वयाचा असला तरी.

"मास्तर, बसा," मी म्हटलं.

"गाडी चुकेल."

"चुकू दे. शेलार तिथे नाहीत. शेलार इथे आहेत."

अण्णा दाराकडे बघायला लागले. मास्तर मात्र माझ्याकडेच बघत राहिले. मी खांद्यावरच्या पिशवीतून, आठवडाभर बरोबर बाळगलेला रद्दीच्या गॅल्यांचा गठ्ठा काढला, उलटा करून त्यांच्या हातात दिला. पाठीवर माझ्या अक्षरात धोंडोजी डोंगर चढत होता, आणि पुढच्या बाजूला मास्तरांच्याच पेन्सिलीच्या जुन्या खुणा होत्या. त्यांनी चार-पाच कागद उलटसुलट करून बघितले.

"स्वतःचं पुस्तक असं वाचतात?" शेवटी ते म्हणाले.

"तार वाचतात तसं वाचायचं, असं तुम्हीच शिकवलंत. आणि घाबरले होते. तुम्ही पाणी प्यायला उठायचा तेव्हा मला वाटायचं, तुम्हाला मळमळतंय."

"दोन वर्षं समोर बसताय ना माझ्या?"

"तुम्हीही बसलायत की."

मास्तरांनी खुर्ची ओढली आणि ते बसले. आणि मग त्यांच्या तोंडून एक बारीक, शिंक अडकल्यासारखा आवाज आला. मला वाटलं त्यांना ठसका लागला. मी माठाकडे निघाले, तर ते हातानेच नको नको म्हणाले. ते हसत होते. दोन वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता, म्हणून मला ओळखता आला नव्हता एवढंच. मलाही हसू फुटलं आणि हसता हसता रडूही आलं. छातीवरचा धोंडा उतरणं म्हणतात ते खरोखरच असतं. खांदे हलके होतात आणि एकदम भूक लागते. अण्णा आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत म्हणाले, "मग छापायचं का नाही, तेवढं सांगा की."

मास्तरांनी माझ्याकडून तेविसावी गॅली मागवली आणि तिच्याखाली लिहिलं: 'छापावे.' जरा विचार करून त्याखाली आणखी एक ओळ लिहिली: 'तपासनिसाने पुन्हा तपासावे.' मग अण्णांना म्हणाले, नाव शेलार नको. ज्याने लिहिलं त्याचं नाव.

त्या दिवशी दुपारी चाचांनी पुढची जुळणी सुरू केली, आणि दोन दिवसांनी पाचव्या फॉर्मची पहिली गॅली ओल्या शाईसकट टेबलावर आली. मी प्रत उघडली. मास्तरांनी पेन्सिलीला टोक काढलं, कागद समोर ओढला, आणि मी पहिला पूर्णविराम उच्चारला तेवढ्यात हात वर केला.

"चिन्हं मी नंतर एकटा बघेन. आता नुसतं वाचा." मग जरा घुटमळत म्हणाले, "त्या राक्षसाची दाढ शेवटी पडते ना?"

मी म्हटलं, सांगणार नाही. आणि वाचायला लागले. स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही, धोंडोजीला धोंडोजीचा आवाज आणि राक्षसाला राक्षसाचा. मास्तरांनी पेन्सिल खिशात ठेवून दिली.

नंतर एकट्याने बघताना ते पुन्हा मजकुरात शिरले असावेत, कारण दिवाळीत पुस्तक छापून आलं तेव्हा पाचव्या फॉर्ममध्ये नऊ चुका होत्या. पुस्तकाच्या आजवर सहा आवृत्त्या निघाल्या. दर आवृत्तीला कुणीतरी नवा, हुशार मुद्रितशोधक त्या नऊ चुकांची यादी घेऊन येतो. मी त्याला चहा देते आणि सांगते, बाकी सगळं दुरुस्त करा, एवढ्या नऊ तशाच राहू द्या.